पुरांतून आलेला मालट्रक

ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेच्या पुरामुळें पुणें-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली येथें कित्येक दिवस बंद राहिला, आणि दोन्ही अंगांस मालट्रकांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फुटांची मानलेली आहे. त्या वर्षीं, आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें, पाणी ५५ फुटांच्याही वर चढलें होतें. शहरांतील कुटुंबांस अशा पुराची झळ लागते ती भाजी महागली, दूध वेळेवर आलें नाहीं, या रूपानें. रांगेंत अडकलेल्या ट्रकचालकापुढचा प्रश्न मात्र निराळा असतो. पाणी ओसरूं लागलें आहे, पुढचे दोन-चार ट्रक पलीकडे गेलेले दिसत आहेत, मागून कर्णे वाजत आहेत, मालाचा धनी दूरध्वनीवरून तगादा लावीत आहे. अशा वेळीं मांडीएवढ्या पाण्यांत गाडी घालावी कीं न घालावी? आणि घातलीच, व ती मध्येंच बंद पडली, तर पुढें काय करावें? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर, ज्याच्या पदरीं एकच ट्रक आहे आणि त्याचेही हप्ते फिटावयाचे आहेत अशा माणसाचें वर्षाचें अन्न अवलंबून असतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

जुने चालक याबाबतींत जो सल्ला देतात तो त्यांच्या काळीं खोटा नव्हता. जमशेदपूरच्या कारखान्यांतून १९५४ पासून जे डिझेल ट्रक बाहेर पडूं लागले त्यांच्या इंजिनास, एकदां सुरू झाल्यावर, विजेची गरजच नसे. डिझेल इंजिनांत ठिणगी लागत नाहीं. हवा इतकी दाबली जाते कीं ती तापून लाल होण्याच्या बेतास येते आणि तींत तेलाचा फवारा सोडतांच तें पेटतें. हा फवारा मोजून देणारा पंप इंजिनाच्याच दात्यांवर फिरे. इंजिन बंद करावयाचें तर एक तार ओढून त्या पंपाचें तेल तोडीत. दिवे विझले, हॉर्न मुका झाला, तरी इंजिन आपलें धडधडत राही. म्हणून पाणी लागतांच गती कमी करावी, खालचा गिअर टाकावा आणि मध्यें न थांबतां पलीकडे जावें, हा त्या वेळचा शहाणपणा.

त्या इंजिनास पाण्याचें भय एकच होतें, व तें आजच्या इंजिनासही तसेंच आहे: हवा ओढण्याच्या तोंडांतून पाणी आंत जाणें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. एका सिलिंडरचें आकारमान एक लिटर धरलें व दाबाचें प्रमाण सतरास एक धरलें, तर पिस्टन वर आला असतां त्याच्या माथ्यावर उरणारी जागा सुमारें ६० घन सेंटिमीटरांची असते. म्हणजे चार मोठे चमचे. त्याहून थोडें अधिक पाणी आंत सांपडलें कीं पिस्टन वर येऊं शकत नाहीं, आणि मागून जड चक्राचा रेटा तर चालूच असतो. अशा कोंडींत कनेक्टिंग रॉड वाकतो. पुष्कळदां गाडी पाण्यांत चालत असतांना तो वांचलेला असतो आणि नंतर, "पाहूं या लागते कां" म्हणून चालक सेल्फ मारतो, तेव्हां वाकतो. ही गोष्ट पुढें पुन्हां येईल.

आतां आजचा ट्रक घ्या. देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे निर्बंध लागू झाले. धूर इतका स्वच्छ करावयाचा तर तेल किती, कोणत्या क्षणीं व किती वेळां फवारावें हें प्रत्येक फेऱ्यास नव्यानें ठरवावें लागतें, आणि तें दातेरी चक्रांच्या आवांक्यांतील काम नाहीं. म्हणून आतां एका सामाईक नळींत १५०० वातावरणांहूनही अधिक दाबानें तेल भरून ठेवतात, आणि विजेच्या इशाऱ्यानें उघडणारे नोझल तें वांटतात. हा इशारा देणारी धातूची चपटी पेटी, चालकांच्या भाषेंत ईसीएम, अनेक ट्रकांत इंजिनाच्या अंगालाच बोल्टांनीं जखडलेली असते. तिच्याकडे तापमानाची, दाबाची, गतीची वार्ता आणणारे सेन्सर इंजिनभर पसरलेले असतात. चाकांपाशीं ब्रेकचे, सायलेन्सरपाशीं धुराचे. डिझेलच्या टाकीशेजारीं युरियाची टाकी व तिचा पंप. अंगणांतील तुळशीवृंदावनाच्या उंचीचें पाणी रस्त्यावर आलें तर यांपैकीं निम्मीं यंत्रें पाण्याखालीं जातात.

येथें एक शंका सहज उद्भवते. पावसाळा हिंदुस्थानांत नवा नाहीं. मग कारखानदारांनीं या पेट्या पाण्यापासून राखल्या नाहींत काय? राखल्या आहेत, आणि चांगल्या राखल्या आहेत. अशा वस्तूंवर पुष्कळदां आयपी ६७ असा शिक्का असतो. त्यांतील ६ हा आंकडा धुळीचा आणि ७ हा पाण्याचा. सातचा अर्थ असा कीं एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास बुडविली असतां आंत घातक इतकें पाणी शिरूं नये. परंतु ही परीक्षा कशी होते तें पाहण्याजोगें आहे. पाणी स्वच्छ व स्थिर असतें. वस्तु कोरी असते. आणि तिचें व पाण्याचें तापमान जवळजवळ सारखें असावें अशी अटच असते. पुरांतून जाणाऱ्या ट्रकच्या बाबतींत या तिहींपैकीं एकही गोष्ट खरी नसते.

तापमानाचीच गोष्ट प्रथम घेऊं. घाट उतरून आलेल्या ट्रकची ईसीएमची पेटी ८० अंशांपर्यंत तापलेली आहे असें समजा, आणि पुराचें पाणी २५ अंशांचें आहे. पेटी बुडतांच तींतील हवा आकसते. पेटी पूर्ण बंद असेल तर आंतील दाब सुमारें एक षष्ठांशानें घटतो. हा फरक दीड मीटरांहून अधिक खोल पाण्याच्या दाबाएवढा आहे. म्हणजे पाणी वीतभरच वर असलें तरी पेटी तें अशा जोरानें ओढते कीं जणूं ती पुरुषभर खोल बुडाली आहे. यासाठीं चांगल्या पेट्यांना एक बारीक पडद्याचें छिद्र ठेवतात. त्यांतून हवा जाते, पाणी जात नाहीं. पण त्या पडद्यावर चिखलाचा लेप बसला कीं तोही निरुपयोगी. मागील आंसाच्या डिफरन्शियलची गतही अशीच होते: तापलेलें घर पाण्यांत गेलें कीं श्वासनळींतून पाणी ओढतें, आणि आठवड्यानें आंतील तेल दुधाळ झालेलें आढळतें.

पाण्याची दुसरी वाट अधिक कपटी आहे. ट्रकांतील तार ही एक सलग काडी नसून अनेक बारीक तंतूंची वळी असते, आणि तिच्यावर प्लास्टिकचा झगा असतो. समईंतील वात तेल जसें वर खेंचते तसेंच या तंतूंमधील फटी पाणी खेंचतात. तारेचा झगा खालीं कोठेंतरी फाटला असेल, तर पाणी तेथें शिरून तारेच्या पोटांतून दोन-तीन हात वर, अगदीं ईसीएमच्या कपलरपर्यंत जाऊन पोहोंचतें. बाहेरून पेटी कोरडी ठणठणीत! आणि हा झगा फाडतो कोण? उंदीर फाडतात हें खरें. पण आमच्या रस्त्यांवर अधिक वेळां तो मेकॅनिकच्या हातून फाटतो. वीज येते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं टेस्ट-लँपची सुई तारेंत टोंचण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. टोंचलेलें छिद्र कोणी बुजवीत नाहीं. उन्हाळ्यांत केलेली ही टोंचणी जुलैंत फळास येते.

पाणी आंत शिरलें. पुढें काय होतें? नुसतें पाणी तांब्याचा इतक्या झटपट नाश करीत नाहीं. विहिरींत पडलेली तांब्याची कळशी महिन्यानेंही वर काढली तर घांसून वापरतां येते. नाश होतो तो पाण्यांतून वीज वाहूं लागली म्हणजे. घरींसुद्धां हें पाहतां येईल. पेलाभर पाण्यांत चिमूटभर मीठ टाकावें, दोन तांब्याच्या तारा न भिडतील अशा त्यांत सोडाव्या, आणि त्यांचीं टोंकें नऊ व्होल्टच्या लहान बॅटरीस लावावीं. ऋण टोंकास लावलेल्या तारेवर बुडबुडे उठतात. धन टोंकास लावलेली तार काळवंडते, झिजते आणि पाणी गढूळ होतें. मालट्रकांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीस एक जोडून २४ व्होल्टची वीज खेळविलेली असते. ईसीएमच्या कपलरमध्यें २४ व्होल्टची पिन आणि तिच्या शेजारची जमिनीची पिन यांत अंतर फार तर कांहीं मिलिमीटरांचें. पुराचें पाणी म्हणजे गटार, शेतांतलें खत, रस्त्यावरचें तेल आणि माती यांचा काढा. त्यांतून वीज सहज वाहते. धन पिन झिजत जाते आणि तिच्या धातूचे हिरवे क्षार शेजारणीकडे सरकूं लागतात. सागरी भरतीचें पाणी मिसळलें तर विचारूंच नये. त्यांत मिठाचें प्रमाण शेंकडा साडेतीनच्या घरांत असतें. मुंबईंत २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भरतीमुळें पाण्यास बाहेर पडावयास वाट मिळेना, तेव्हां सखल भागांतील वाहनें अशाच मिश्रणांत उभीं होतीं.

किल्ली फिरवून गाडी बंद केली म्हणजे वीज बंद झाली, हा समज येथेंच घात करतो. ईसीएमच्या कांहीं पिनांना बॅटरीची वीज अष्टौप्रहर लागलेली असते, कारण किल्ली काढल्यावरही तिला आपली स्मृति राखावयाची व कांहीं आवराआवर करावयाची असते. म्हणजे पाण्यांत बंद करून ठेवलेला ट्रक रात्रभर स्वस्थ उभा असतो असें नाहीं. त्याच्या कपलरमध्यें पेल्यांतला तोच प्रयोग रात्रभर चालू असतो, नऊऐवजीं चोवीस व्होल्टांवर.

म्हणून पाण्यांत गाडी बंद पडली तर, जिवाची सोय पाहिल्यानंतरचें पहिलें काम म्हणजे बॅटरी तोडणें. (जिवाची सोय आधीं, हें सांगावें लागतें, कारण वाहत्या पाण्यांत रिकामा ट्रकही तरंगूं लागतो व घसरतो, आणि क्लीनरला खालीं उतरवून खोली पाहावयास लावणारे धनी अद्याप आहेत.) ट्रकांत बहुधा बॅटरीचा कट-ऑफ खटका असतो, नसेल तर जमिनीची, म्हणजे ऋण टोंकाची, तार आधीं सोडावी, म्हणजे पाना चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. एरवीं युरियाच्या नळ्या रिकाम्या होईपर्यंत मिनिट-दोन मिनिटें थांबून मग खटका पाडावा अशी शिकवण असते. बुडत्या गाडींत ती शिकवण बाजूस ठेवावी. पंपांत थोडा युरिया राहिला तर त्याचें दुखणें परवडतें, ईसीएमचें परवडत नाहीं. कारण नवी पेटी महाग तर असतेच, शिवाय तींत त्या विशिष्ट ट्रकची सर्व माहिती भरल्याशिवाय ती चालत नाहीं, आणि भंगारांतून दुसऱ्या ट्रकची काढून बसवावी तर तीही सहसा परकी ठरते.

दुसरें काम म्हणजे कांहीं न करणें, आणि तेंच सर्वांत अवघड. सेल्फ मारूं नये. गाडी ढकलून अथवा दुसऱ्या ट्रकला बांधून गिअरमध्यें ओढून सुरू करूं नये. बाहेर काढल्यावर प्रथम एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल, तर नोझल काढून इंजिन हातानें फिरवावें म्हणजे सिलिंडरमधील पाणी उडून बाहेर येतें. तेलाची काडी ओढून पाहावी. तेल वाजवीपेक्षां वर चढलें असेल किंवा ताकासारखें दिसत असेल तर तें बदलल्यावांचून एक फेराही देऊं नये. विम्याच्या दृष्टीनेंही यास महत्त्व आहे. मोटार विम्याच्या सर्वसाधारण करारांत परिणामस्वरूप हानि वगळलेली असते. पाण्यांत बंद पडलेलें इंजिन पुन्हां सुरू करूं जातां झालेली मोडतोड या सदरांत घालून दावे नाकारले गेले आहेत. बुडालेल्या गाडीचें छायाचित्र, पाण्याची खूण आणि तोडलेली बॅटरी, एवढें पंचासमोर ठेवतां आलें तर वाद पुष्कळ कमी होतो.

यानंतरची पायरी ऐकून अनेकांस नवल वाटेल: भिजलेले कपलर उघडून ते आधीं पुन्हां स्वच्छ पाण्यानेंच धुवावे. कोरडें करण्यापूर्वीं क्षार व चिखल निघून गेला पाहिजे. तो तसाच वाळला तर पुढच्या दमट हवेंत पुन्हां ओलावा धरतो. धुणें मात्र मंद धारेचें असावें. सर्व्हिस स्टेशनवरील जोराची फवारणी जें पाणी बाहेर होतें तें आंत ठोसून बसविते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कपलरसाठीं मिळणारा फवारा मारून, सौम्य ऊब देऊन, वाळवावें. गॅरेजांत या कामास पेट्रोल वा डिझेल वापरतात, तें वाईट. त्यानें रबरी कडीं फुगतात आणि ज्या कड्यांनीं पुढील पूर अडवावयाचा तींच सैल होतात. कोणी कोणी, भ्रमणध्वनीच्या धर्तीवर, ईसीएम तांदळाच्या पिंपांत ठेवल्याचें सांगतात. तांदळानें अपाय असा नाहीं. पण हिरवा क्षार तांदूळ शोषीत नाहींत.

इतकें करूनही गाडी लागली व धांवूं लागली म्हणजे प्रकरण मिटलें असें होत नाहीं. खरा त्रास येथून पुढें, आणि तो असा कीं चालकाचें म्हणणें कोणी खरें मानीत नाहीं. इंजिनाच्या पाण्याचें तापमान सांगणाऱ्या सेन्सरचेंच उदाहरण घ्या. तो तापला म्हणजे त्याचा विरोध कमी होतो, आणि ईसीएम तो विरोध मोजून तापमान ताडते. कपलरमध्यें ओलावा राहिला तर विजेस आणखी एक वाट मिळते. एकूण विरोध घटतो. आणि थंड इंजिन उकळत आहे अशी ईसीएमची समजूत होते. ती आपल्या परीनें योग्य तेंच करते: ताकद आटोपती घेते. ऊन पडलें, ओलावा सुकला, कीं दुखणें नाहींसें होतें आणि गॅरेजपर्यंत ट्रक सुरळीत येतो. ॲक्सिलरेटरच्या पायटीची कथा याहून निराळी आहे. तींत मुद्दाम दोन सेन्सर ठेवलेले असतात व ईसीएम दोघांच्या साक्षी ताडून पाहते. साक्षी जुळल्या नाहींत तर ती कोणावरच विश्वास ठेवीत नाहीं. पाय कितीही दाबला तरी गाडी चालीवर चालते. यांत यंत्राचा दोष नाहीं. शंका आली असतां धीमें व्हावें हेंच त्यास शिकविलेलें आहे.

ट्रकांतील निरनिराळ्या पेट्या एकमेकींशीं बोलतात त्या एका पीळ दिलेल्या तारांच्या जोडीवरून. या पद्धतीस कॅन म्हणतात. ती बॉश कंपनीनें १९८६ मध्यें पुढें आणली. जोडीच्या दोन्ही टोंकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी तोडून मोजलें तर साधारण ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एक टोंक तुटलें. ६० हून फार कमी आले तर मध्यें कोठेंतरी दोन तारांची गांठ पडली, बहुधा त्या हिरव्या क्षारानें. दोनशें-तीनशें रुपयांच्या मीटरनें होणारी ही दोन मिनिटांची परीक्षा न करतां एकामागून एक सेन्सर बदलीत जाणारे कारागीर कमी नाहींत, आणि त्यांचें बिल धन्यास भरावें लागतें.

सर्वांत उशिरां उगवतें तें सायलेन्सरमागचें दुखणें. धुरांतील नायट्रोजनचे वायू मोजणारा सेन्सर आंतून चिनीमातीच्या जातीचा असतो व तो विजेनें लालभडक तापवून कामास लावतात. तापलेल्या अवस्थेंत त्यावर पाण्याचे थेंब उडाले तर, कढत कांचेच्या पेल्यास थंड पाणी लागल्याप्रमाणें, तो तडकतो. तो तडकला काय किंवा त्याची तार आंतल्या आंत झिजून तुटली काय, स्टेज ६ च्या ट्रकांत परिणाम एकच: प्रथम एक पिवळा दिवा, मग कांहीं तासांची मुदत, आणि मग नियमाप्रमाणें इंजिनाची ताकद घटविणें. पूर जुलैंत येऊन गेलेला असतो. भरलेला ट्रक खंबाटकीच्या चढावर रांगूं लागतो तो सप्टेंबरांत. तोंपर्यंत पुराचा आणि या रांगण्याचा संबंध चालकाच्या ध्यानांतूनही गेलेला असतो, आणि विमा कंपनीच्या तर तो मुळींच ध्यानांत येत नाहीं. म्हणून पाण्यांतून गेलेल्या ट्रकचे खालचे कपलर महिना-दीड महिन्यानें पुन्हां एकदां उघडून पाहावे, त्यांच्या पिनांवर हिरवें किंवा पांढरें फूल धरलें आहे काय हें तपासावें, स्कॅनर लावून साठलेले दोष उतरवून घ्यावे, आणि त्या तपासणीची तारीख पावतीवर लिहून घ्यावी.

घरच्या मोटारीसही हें सर्व लागू आहे. फरक इतकाच कीं तींत २४ ऐवजीं १२ व्होल्ट असतात आणि कांहीं मोटारींत एखादी पेटी बैठकीच्या किंवा पायपोसाच्या खालीं बसविलेली असते, जेथें आंत आलेलें पाणी आठवडाभर मुरत राहतें. पुरानंतरच्या हिवाळ्यांत जुनीं वाहनें स्वस्त मिळूं लागतात. तीं घेतांना रंगाकडे न पाहतां पायपोस उचलून पाहावा, बैठकीच्या लोखंडी रुळांवरील गंज पाहावा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ आहे काय तें पाहावें, आणि शक्य असल्यास खालच्या बाजूचा एक कपलर विक्रेत्याच्या समक्ष उघडवून घ्यावा. रंग आठवड्यांत देतां येतो; तारेच्या पोटांतला हिरवा डाग लपवितां येत नाहीं.